ऐंशी मीटर

क्षेत्रफळ फळ्यावर शिकवता येत नाही, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. फळ्यावर चौकोन काढून लांबी गुणिले रुंदी लिहिलं की पोरं ते पाठ करतात. पण बाळांनो, गुणून आलं ते नेमकं काय, असं विचारलं की सगळे छताकडे बघायला लागतात. म्हणून दरवर्षी पीक निघालं की मी चौथीचा वर्ग शेतावर न्यायचो. शेत माझ्या धाकट्या बहिणीचं होतं, शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर.

वडिलांनी हयातीतच जमिनीचे दोन वाटे केले होते. एक थोरल्या दादाला, एक धाकटीला. मी मधला. मला शिकवलं, नोकरी लागली, तेव्हा ते म्हणाले, तुला शाळा दिली, या दोघांना माती. मी खुशीने माझा हक्क लिहून सोडला. माझा तेवढा कागद झाला. त्या दोघांच्या वाटणीचा मात्र झाला नाही. घरातल्या घरात कागद कशाला, हे आमच्याकडे फार अभिमानाने बोललं जायचं. दोन्ही वाटे सारखे होते. अडीचशे मीटर लांब, ऐंशी मीटर रुंद, मधे मातीचा बांध.

अडीचशे गुणिले ऐंशी म्हणजे वीस हजार चौरस मीटर, बरोबर दोन हेक्टर. शिकवायला याहून गोड उदाहरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. लांबी मी सांगायचो, रुंदी पोरांनी मोजायची. शाळेचा कापडी टेप वीस मीटरचा होता, म्हणजे चार टेप. पाच-पाच जणांचे गट करायचे. दोघं टेपची टोकं धरणार, एक जण काठी रोवणार, एक मोठ्याने मोजणार, एक वहीत लिहिणार. सुरुवात रस्त्याकडच्या दगडी कडेपासून, शेवट बांधावर.

दादाही यायचा. त्याचं ट्रॅक्टर पलीकडे उभं असायचं. दोन्ही वाटे तोच नांगरायचा. धाकटीला वेगळं ट्रॅक्टर परवडण्यासारखं नव्हतं आणि भाऊ असताना तिने दुसऱ्याला का बोलवावं? तो पोरांची थट्टा करायचा, ज्याची उंची कमी त्याला खांद्यावर घ्यायचा आणि बांधावर उभा राहून टेपचं शेवटचं टोक स्वतः धरायचा. धाकटी पोरांना काकड्या वाटायची. सगळं झालं की मला विचारायची, "किती आलं रे भाऊ?"

"ऐंशी. दुसरं काय येणार?"

दरवर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. ती हसून पुढच्या पोराला काकडी द्यायची.

बहुतेक गट ऐंशीच लिहायचे. मोठ्या भावाबहिणींकडून त्यांना उत्तर आधीच कळलेलं असायचं. पण दर वर्षी एखादा गट असा निघायचा, की ज्याला भाऊ-बहीण नव्हती किंवा अक्कल जास्त होती. त्यांचं उत्तर कमी यायचं. कधी एकोणऐंशी, कधी सत्याहत्तर आणि काही. मी रागवायचो नाही. चुकलेल्या मुलावर ओरडणारा मास्तर शिकवत नसतो, घाबरवत असतो. मी शांतपणे समजवायचो, टेप ढिला धरला असेल, रेघ वाकडी गेली असेल, आणि लाल शाईने आकडा खोडून वर ऐंशी लिहायचो. त्यातली एक वही मी ठेवून घ्यायचो. पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवायला, की बघा, असं चुकू नका.

या मोजणीच्या तेराव्या वर्षी वर्गात मुंगी होती. अंगाने एवढीशी आणि मान खाली घालून काम करणारी म्हणून वर्गाने तिला ते नाव दिलं होतं. तिच्या गटाचं उत्तर आलं चौऱ्याहत्तर मीटर साठ सेंटिमीटर. मी म्हटलं, टेप ढिला धरला असशील. ती टेपकडे बघून म्हणाली, "गुरुजी, ढिला धरला तर जास्त यायला हवं ना? टेप झोळीसारखा खाली जातो."

मी थक्क झालो. तिला शाबासकी दिली, सगळ्या वर्गाला तिचं म्हणणं समजावून सांगितलं. मग म्हटलं, तर मग टेप जुना झालाय, ताणला गेलाय, ताणलेल्या टेपने कमी येतं. ती म्हणाली, तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं. बाकीची पोरं कंटाळली होती. बांधावरून दादा ओरडला, "मास्तर, काकड्या संपल्या, आता सोडा की पोरीला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, जमीन काही आटत नाही. लिही ऐंशी."

तिने लिहिलं. तिची वही मी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना उघडून दाखवली.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी कालव्याचे लोक आले. नव्या कालव्यावरून शेतांना पाणी सोडायचं होतं. नियम असा, की दोन हेक्टर किंवा जास्त शेत असेल तर त्याला स्वतःची मोरी, म्हणजे कालव्यातून पाणी घ्यायचं आपलं दार. त्याहून कमी असेल तर शेजाऱ्याच्या मोरीतून, त्याच्या सोयीने. त्यांनी लोखंडी साखळीने मोजलं आणि धाकटीच्या नावापुढे लिहिलं: रुंदी एकाहत्तर मीटर, मोरी नामंजूर, पाणी शेजारच्या मोरीतून. शेजारी म्हणजे दादा. त्याची रुंदी एकोणनव्वद भरली होती.

धाकटी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. बसली नाही. "भाऊ, तू दरवर्षी मोजायचास ना?"

मी हो म्हटलं.

"मी दरवर्षी विचारायचे."

मला वाटलं, कालव्याच्या माणसाची चूक असेल. तिला घेऊन मी शेतावर गेलो, शाळेकडून नवा पोलादी टेप मागून आणला होता. तीन टेप आणि अकरा मीटर. परत मोजलं, परत तेच. समोर बांध होता, गवत वाढलेला, वर मुंग्यांची वारुळं, अगदी जन्मापासून तिथेच असल्यासारखा. बांध हा असा लबाड असतो. त्याच्याकडे बघून त्याचं वय सांगता येत नाही.

दादाकडे गेलो. तो ट्रॅक्टरखाली पडून काहीतरी दुरुस्त करत होता, बाहेर आलाच नाही. मी विचारलं, तो खालूनच उत्तरं देत राहिला. बांध बापाने घातलेला आहे. थोरल्याला थोडं जास्त दिलं होतं, तुम्ही दोघं लहान होता, तुम्हाला काय माहीत. शेवटी पाना बाजूला ठेवून म्हणाला, "आणि तूच तर दरवर्षी वर्ग घेऊन मोजायचास, मास्तर. तेव्हा कमी भरलं नाही ते आत्ता कसं भरलं?"

धाकटीने दावा लावला.

तिच्या वकीलबाई तरुण होत्या, पण हिशेबी. त्या म्हणाल्या, वाटणी झाली हे दोघांनाही मान्य आहे. प्रश्न एकच, मूळ बांध कुठे होता. ते दाखवणारं काही आहे का? कागद नाही, नकाशा नाही, खुणेचा दगड नाही. धाकटी माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला वह्यांची ट्रंक आठवली.

पत्र्याच्या ट्रंकेत सतरा वह्या निघाल्या. मी जमिनीवर बसून त्या वर्षांप्रमाणे लावल्या आणि खोडलेले आकडे एकाखाली एक उतरवले. एकोणऐंशी पन्नास. एकोणऐंशी दहा. अठ्ठ्याहत्तर साठ. मधली काही वर्षं नव्हती, पण उतरंड सरळ होती. दर वर्षी साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे एक हात. नांगराचा एक फेरा बांधाच्या दादाकडच्या अंगाला आणि उलटलेली माती धाकटीकडच्या अंगाला. वीस वर्षांत वीस हात. दहा वर्षांच्या पोरांनी माझ्या भावाची चोरी वर्षावार लिहून ठेवली होती आणि ते मी जपून ठेवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी उठून धाकटीला बोलवायला निघालो.

दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. वह्या पुन्हा बघितल्या. प्रत्येक आकड्यावर माझी लाल रेघ होती. प्रत्येक रेघेशेजारी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "चूक. पुन्हा मोज."

वकीलबाईंनी वह्या चाळल्या, लाल रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, इथेच घोडं पेंड खाणार. यातलं एखादं मूल आणा, ज्याला कसं मोजलं ते आठवत असेल.

मुंगीचं आता शिवणकामाचं दुकान होतं, बसथांब्यामागे, एका माणसाने हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. मी आत गेलो तेव्हा ती एका बाईच्या खांद्याचं माप घेत होती. मला बघून तिने नमस्कार केला आणि माप पुरं केलं. गिऱ्हाईक गेल्यावर स्टूल पुसून दिलं.

तिला सगळं आठवत होतं. चौऱ्याहत्तर साठ, हेही. मी म्हटलं, तू बरोबर होतीस. तिने मान हलवली, जणू मी आज ऊन आहे म्हणालो.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी वही वर्गात दाखवलीत," ती म्हणाली. "त्यानंतर मी वर्गात कधी हात वर केला नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल."

आलं नव्हतं. शांत मुलगी म्हणून मी तिच्या प्रगतीपुस्तकात चांगला शेरा लिहिला होता.

साक्षीला येशील का, असं विचारलं. ती म्हणाली, येईन. पण जे झालं ते सगळं सांगेन, अर्धं सांगता येत नाही मला.

कोर्टाची खोली लांबट होती. पंखे फिरत होते आणि कागदांवर दगड ठेवलेले होते. धाकटी पुढच्या बाकावर, दादा मागच्या. पहिल्या तारखेला त्याने माझ्यासाठी बाकावर जागा सरकवून दिली होती. सवयीने. मी सवयीने बसलोही, मग उठलो.

दादाचे वकील वयस्कर होते, गोड बोलणारे. त्यांनी मला गुरुजीच म्हटलं. स्वतः गणितात कच्चे होते असंही सांगितलं, त्यावर कारकूनही हसला. मग त्यांनी एक वही उचलली.

"ही लाल शाई कोणाची?"

"माझी."

"काय लिहिलंय?"

"चूक."

"ही दुसरी?"

सतराही वह्या त्यांनी एकेक करून उघडल्या. सतरा वेळा मी तो शब्द वाचला. दहाव्या वेळी वकीलबाईंनी हरकत घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, चालू द्या.

मग दादाच्या वकिलांनी विचारलं, मुलांचं उत्तर कमी आलं की तुम्ही वर्गात काय कारण सांगत होता? मी शपथेवर होतो. सांगितलं, आधी टेप ढिला धरला असं म्हणायचो, नंतर टेप ताणला गेलाय असं. तो टेप कुठे आहे? शाळेने टाकून दिला.

"म्हणजे गुरुजी, जमीन आटली नाही, टेप ताणला, हे आम्ही नाही म्हणत. तुम्हीच म्हणत होता. वीस वर्षं, मुलांसमोर. मग तेव्हा खोटं शिकवत होता, की आज खोटं बोलताय?"

"दोन्ही नाही," मी म्हटलं. "तेव्हा मी चुकत होतो."

"वीस वर्षं?"

"हो."

"आणि मुलं बरोबर होती. दहा वर्षांची."

"हो."

ते खाली बसले. आणखी काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मुंगी दुकानातून थेट आली होती, गळ्यात टेप तसाच. शिपायाने तो काढायला लावला, तेव्हा तिने गुंडाळून मुठीत धरला. वकीलबाईंनी तिला विचारलं, गिऱ्हाइकाचं माप किती वेळा घेता?

"दोनदा. दोन्ही वेळा वेगळं आलं तर तिसऱ्यांदा."

"आणि गिऱ्हाईक म्हणालं, माझी कंबर एवढी नाही, दोन बोटं कमी लिहा?"

"मी माझं माप लिहिते. नाहीतर कपडा परत येतो."

खोलीत जरा हशा झाला. तिने शेतातलं मोजमाप सांगितलं, कोणी कुठे काठी रोवली, कोणी मोजलं, तीन वेळा कसं मोजलं. टेपचं शेवटचं टोक कोणी धरलं होतं, या प्रश्नावर तिने दादाकडे बोट केलं. मला वाटलं, आता झालं.

दादाचे वकील उठले. "तीन वेळा चौऱ्याहत्तर साठ आलं. मग खाली तुमच्याच अक्षरात ऐंशी का?"

"गुरुजींनी सांगितलं म्हणून."

"गुरुजी सांगतील ते तुम्ही लिहिता."

"तेव्हा लिहिलं."

"आणि आज ते सांगतील ते बोलता."

"आज त्यांनी काहीच सांगितलं नाही," मुंगी म्हणाली. "आज त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच."

न्यायाधीशबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या नजरेत दया होती, आणि मी इतकी वर्षं शिकवलेलं असल्यामुळे मला ती ओळखू आली. ढ मुलाकडे मी तसाच बघायचो.

निकाल धाकटीच्या विरुद्ध गेला. त्यात लिहिलं होतं, की शिंपीकाम करणारी साक्षीदार प्रामाणिक वाटते, परंतु मोजणी बालवयातली आहे. ज्या अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली ती झाली, त्यानेच ती त्या-त्या वेळी, कोणताही वाद नसताना, स्वतःच्या हाताने चुकीची ठरवलेली आहे. वाद उद्भवल्यानंतरच्या त्याच्या मतापेक्षा त्या वेळच्या मताला अधिक वजन द्यावं लागेल. सबब आजचा बांध हाच मूळ बांध. मला त्या लिखाणात एकही चूक काढता आली नाही. पुढे अपील करायचं तर नवा पुरावा हवा, असं वकीलबाई म्हणाल्या. नवा पुरावा कुठून आणायचा? होता तो सगळा माझ्याच शाईत भिजला होता.

धाकटी कागदांवर सह्या करायला आत थांबली. मी पायऱ्यांवर उभा होतो. दादा आला आणि शेजारी उभा राहिला. मला वाटलं टोमणा मारेल. त्याने नुसताच शर्टाच्या बाहीला लागलेला चुना झटकला.

"पहिल्या वर्षी चुकून झालं," तो म्हणाला. "नांगर जरा आत गेला. म्हटलं, मास्तर वर्ग घेऊन येईल तेव्हा सापडेल, मग सरळ करू. म्हणून तर टेपचं टोक धरायला आलो. पोरगं म्हणालं एकोणऐंशी पन्नास. तू लाल शाईने खोडलंस."

मी हातातला निकालाचा कागद दुमडला.

"मग दर वर्षी येऊन उभा राहायचो. वाटायचं, यंदा हा बोलणार. त्या मुंगीच्या वेळी तर वाटलं, संपलं आता. तू तिला म्हणालास, जमीन आटत नाही." तो हसला, पण हसणं अर्ध्यावर सुटलं. "तू शाई फिरवलीस की मी नांगर फिरवायचो. माझी एकट्याची हिंमत नव्हती एवढी."

"हे आत सांगशील?"

"वेडा की काय," दादा म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

धाकटीला मी हे सांगितलं. तिला दादाचा राग येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "तो चोर निघाला हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलं. आज वेगळं काय कळलं?" आणि चालू लागली. माझ्याबद्दल ती काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

आता पाणी हवं असलं की ती दादाच्या दाराशी जाते. आधी त्याचं शेत भिजतं. मग कधी मोरीची किल्ली सापडत नाही, कधी तो घरी नसतो, कधी पाणी येतं ते दोन तासांचं, पिकाचा अर्धा भाग ओला आणि अर्धा कोरडा राहतो. भांडत नाही कोणी. ती म्हणते, दादा, पाणी सोड. तो म्हणतो, बघतो. आमच्या वडिलांनी दोघांना सारखी माती दिली होती, ती एवढ्यासाठी, की कोणी कोणाच्या दारात उभं राहू नये.

परवा पीक निघालं. धाकटीने निरोप पाठवला, टेप घेऊन ये. माझ्याकडे आता स्वतःचा पोलादी टेप आहे. दगडी कडेला तिने एक टोक धरलं, बांधाकडे मी दुसरं घेऊन गेलो. काठी रोवायला कोणी नव्हतं, म्हणून दर वीस मीटरला मी चपलेने माती उकरून खूण केली. गुडघे दुखत होते. बांधाच्या या बाजूला ताजी माती चढलेली होती, ओली, अजून काळी दिसत होती. मी वाकून आकडा बघितला. मग चष्मा पुसून परत बघितला.

सत्तर मीटर नव्वद सेंटिमीटर.

दहा सेंटिमीटर. माणूस एवढ्यासाठी नांगर वळवत नाही. हाताला सवय झाली असेल, किंवा आता टेप धरायला यायचीही गरज उरली नसेल. आणि मी खरं सांगतो, माझ्या तोंडावर एकाहत्तर आलं होतं. कोर्टाने एकाहत्तर लिहिलेलं, कालव्याने एकाहत्तर लिहिलेलं, सरळ आकडा, आणि तिला आणखी एक दुःख कशाला?

"किती आलं रे?" पलीकडून धाकटीने विचारलं.

"सत्तर नव्वद," मी म्हटलं.

तिने टेप पुन्हा ताणून धरला. मग म्हणाली, "परत मोज." मी परत मोजलं. तेच आलं. तिने वही आणली होती, तिच्या मुलीची जुनी, मागची पानं कोरी असलेली. मला ती लिहू देईना. आकडा, तारीख, तिने स्वतः लिहिलं, खाली सही केली, आणि वही पदराखाली घेऊन दादाकडे पाणी मागायला गेली.